फाटकावरची बेल

३ मार्च, सोमवार

नव्याण्णव! सकाळी टेनिसची नवी क्रमवारी लागली आणि आमची भिंगरी नव्याण्णवावी. वर्तमानपत्रं तिला आडनावासकट काय म्हणायचं ते म्हणोत. चार वर्षांची असताना अंगणात स्वतःभोवती गरगर फिरून धपकन पडायची आणि उठून पुन्हा फिरायची, तेव्हा मी हे नाव ठेवलं. आज तेवीस वर्षांची घोडी झाली तरी माझ्यासाठी भिंगरीच.

शंभराच्या आत आलं की मोठ्या स्पर्धांत थेट मुख्य फेरी. पात्रता फेऱ्यांची मारामारी संपली. पहिलीच मोठी स्पर्धा याच महिन्यात, पंचवीस तारखेला. इतकी वर्षं घासल्याचं चीज झालं.

विमानतळावरून येताना गाडीत म्हणाली, "बाबा, आता थोडं थांबू या का?" मी म्हटलं, "नव्याण्णवावर कोण थांबतं? दुकानातल्या चपलेची किंमत आहे का ती?" हसली असावी. मी रस्त्याकडे बघत होतो. उद्या आणि परवा फक्त हलका सराव ठेवला आहे. प्रवासाचा शीण आहे, मलाही कळतं.

६ मार्च, गुरुवार

या खेळात नुसतं खेळून भागत नाही. रोजचा एक तास आधीच कळवून ठेवावा लागतो, की या वेळेत मी अमुक ठिकाणी सापडेन. मग कधीही, न सांगता, उत्तेजक चाचणीचा माणूस येतो आणि नमुना घेऊन जातो. त्याच्या हातात एक निळी पेटी असते, म्हणून मी त्याला पेटीवाला म्हणतो. तो आला आणि खेळाडू सापडला नाही, की एक चूक. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की खेळ खलास. औषध घेतलं की नाही, हे मग कुणी विचारत नाही.

भिंगरीच्या दोन झाल्यात. दोन्ही वेळा पोरीचा काडीचा दोष नाही. पहिल्या वेळी विमान रद्द झालं आणि मी बदल कळवायला विसरलो. दुसऱ्या वेळी हॉटेलची खोली माझ्या नावावर होती. काउंटरवरच्या त्या शहाण्याने पेटीवाल्याला सांगितलं, या नावाची बाई इथे राहतच नाही. ती वर खोलीत बसून दात घासत होती! पण नियम म्हणजे नियम.

तेव्हापासून मी सगळं स्वतःच्या हातात घेतलं आहे. तिचा तास मी भरतो: घरी असली की सकाळी सहा ते सात. तिचा म्हणून दिलेला फोन नंबरही माझाच आहे, तिला उगाच कटकट नको. फाटकावर नवी बेल बसवली. जुनी खोकल्यासारखी वाजायची, ही वाजली की शेजाऱ्यांचा कुत्रा आकाशपाताळ एक करतो. ही म्हणाली, "आगीचा बंब आल्यासारखं वाटतं." ही म्हणजे भिंगरीची आई. इस्पितळात नर्स आहे, तिला आवाजांची सवय असायला हवी.

११ मार्च, मंगळवार

बॅकहँड आज सुरेख. दुसरी सर्व्हिस मात्र रडतखडत.

मध्ये पाणी प्यायला बसली असताना विचारलं, "बाबा, समजा मी खेळलेच नाही, तर तुम्ही काय कराल?" किती काळजी करते बापाची! मी म्हटलं, "दुसऱ्यांची गाढवं हाकीन, त्यात काय." ती बराच वेळ रॅकेटच्या तारा बोटाने सरळ करत बसली. मग मीच उठवलं. स्नायू थंड पडले की दुखापत होते.

१९ मार्च, बुधवार

स्पर्धेचा तक्ता आला. पहिल्या फेरीत डावखुरी, लांबलचक हातांची. अवघड आहे, पण अशक्य नाही. शनिवारी निघायचं.

सकाळी भिंगरीने नाश्ता केला आणि लगेच उलटी केली. टेबलाशी परत येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं." मोठ्या स्पर्धेआधी प्रत्येकाला असं होतं. मी तरुणपणी जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी आंघोळीच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतं. ती गोष्ट तिला रंगवून सांगितली. ती ऐकून घेते, हा तिचा फार मोठा गुण आहे. दुपारी दोन तास घाम काढला.

२० मार्च, गुरुवार

अक्षर वाचता येईल की नाही देव जाणे.

ही रात्रपाळीला होती. रोजच्याप्रमाणे साडेपाचला फाटकाला कुलूप लावून क्लबवर गेलो. मातीच्या कोर्टाला उजाडायच्या आत पाणी मारावं लागतं, आणि तिथला माळी ते गुलाबाला घातल्यासारखं घालतो, म्हणून मीच जातो. कोर्टवर फोन बंद, हा माझाच नियम. सव्वासातला परत आलो तर फाटकाशी पेटीवाला! कागद आवरत होता.

मी गाडी तशीच रस्त्यात सोडली. "अहो, थांबा, ती आत आहे, किल्ली आहे माझ्याकडे, दोन मिनिटं!"

"तास संपला," तो म्हणाला. माणूस वाईट नाही, आवाजही चढवला नाही. "सहापासून बेल वाजवतोय. फोनही केला."

"फोन माझ्याकडे असतो."

"हो? मग तो त्यांचा फोन कसा?"

मी त्याच्या हाता-पाया पडायचा तेवढा बाकी होतो. त्याने नुसती मान हलवली, मला कागदाची प्रत दिली आणि गेला. शेजाऱ्यांचा कुत्रा जाळीपाशी उभा राहून अजून भुंकत होता.

आत आलो. भिंगरी स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होती.

"बेल ऐकली नाहीस?"

"झोपले होते."

"ती बेल? ती बेल ऐकू आली नाही?"

"नाही, बाबा." टोस्टचा तुकडा मोडला आणि खाल्ला. तिसरी चूक झालीय, सगळं संपलंय, आणि पोरगी टोस्ट खातेय! धक्का बसला की माणूस असं करतं. मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तिने दुसरा टोस्ट घेतला.

२१ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. निर्णय लागेपर्यंत खेळता येणार नाही. स्पर्धेतून नाव काढलं. तिच्या जागी कुणीतरी एकशे सातवी जाईल.

२७ मार्च, गुरुवार

क्लबमध्ये सगळे माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. कालपर्यंत पाठीवर थाप मारणारे आज घड्याळ बघतात. एकाने तर खालच्या आवाजात विचारलंच, "काही घेत होती का हो?" त्याचं थोबाड फोडणार होतो, पण घरी येताना तोच प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला.

घेत नसेल तर दार का नाही उघडलं? झोप? त्या बेलला? गेल्या वर्षभरात ती एकदम वर आली. मी म्हणायचो, माझी मेहनत. पण इतर मुलीही मेहनत करतातच की. खांदे भरल्यासारखे दिसतात, की मलाच तसं वाटतं?

ती आंघोळीला गेली असताना तिची खेळाची बॅग उघडली. बापाने करू नये ते केलं. मोज्यांच्या जोडीत एक गोळ्यांचं पाकीट सापडलं. अर्ध्या गोळ्या संपलेल्या. नाव कधी ऐकलेलं नाही. पाकीट खिशात घातलं आणि मोजे तसेच गुंडाळून ठेवले. देवा, मी हिला जन्मभर काय शिकवलं?

२८ मार्च, शुक्रवार

देव पावला!

क्लबच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी चष्मा वर करून पाकीट वाचलं.

"बंदी आहे का यावर?"

"नाही. हे जीव घाबरा होण्यावर देतात. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, उलट्या होतात, अशांना. कोण घेतंय?"

"बंदी नाही ना? नक्की?"

"नक्की. बंदी नाही. पण बसा जरा. भिंगरी घेतेय का? कधीपासून?"

बसायला वेळ कुणाला होता? मी त्यांचा हात दाबला आणि निघालो. रस्त्यात मोठ्याने हसलो, लोक वळून बघत होते. पोर स्वच्छ आहे! माझ्या मनात आलं तरी कसं ते?

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तर हिला ठाऊक होतं. हिनेच इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, हिवाळ्यात.

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ही म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. आता हे काय उत्तर झालं? न विचारता सांगायच्या गोष्टी असतातच की नाही घरात? पण आज भांडायचा मूड नव्हता. पाकीट गुपचूप मोज्यात परत ठेवलं.

४ एप्रिल, शुक्रवार

वकीलबाई हुशार आहेत, बोलतात कमी. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. नुसती चुकलेली चाचणी असेल तर दोन वर्षांची बंदी. दोष थोडा आहे हे पटवलं तर एक. मुद्दाम चाचणी टाळली असं ठरलं तर चार. "चार म्हणजे संपलंच," मी म्हटलं. त्यांनी फाईलमधलं पान उलटलं.

एक वर्ष. त्याच्यासाठी भांडायचं. एका वर्षाने ती चोविशीत असेल. चोविशीत नव्याने उभे राहिलेले किती आहेत.

पण पेटीवाल्याच्या अहवालात एक वाक्य आहे. वकीलबाईंनी त्यावर पेन्सिलने रेघ मारली होती. "स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा चालू होता. दुसऱ्यांदा बेल वाजवल्यावर तो बंद झाला."

"याचं काय?" त्यांनी विचारलं.

भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "पाणी प्यायला उठली असेल. अर्धवट झोपेत माणूस दिवा लावतो, मालवतो."

"तुम्हाला नाही विचारलं," वकीलबाई म्हणाल्या.

"आठवत नाही," भिंगरी म्हणाली.

१६ एप्रिल, बुधवार

पेटीवाला मध्ये एकदा अवचित येऊन नमुना घेऊन गेला होता. बेल वाजल्याबरोबर भिंगरी धावत गेली, त्याला खुर्ची दिली, चहा विचारला. आज निकाल आला: नमुना स्वच्छ. वाटलंच होतं.

ती सध्या तिच्या मावशीच्या दुकानात जाते. मावशी फोटो आणि चित्रांना चौकटी करून देते. दुकान कसलं, लाकडाच्या पट्ट्या आणि काचा उभ्या करून ठेवलेली एक बोळकांडी आहे. काल बघायला गेलो तर ही पोर काच कापत होती! उजव्या हाताने! त्या हाताला मी नखाएवढी जखम होऊ दिली नाही आजवर. मेहुणीला म्हटलं, "अहो, ह्या हाताचं मोल ठाऊक आहे का?" मेहुणी म्हणाली, "सरळ रेघ मारते. माझ्यापेक्षा सरळ. मोल कळायला एवढं पुरे आहे मला."

झोपते मात्र भरपूर. जेवतेही. गाल वर आलेत. मी वजनाचं बोललो तर आई-लेकी एकमेकींकडे बघून हसल्या. हसायला काय झालं? पुन्हा उभं राहायचं तर अंग हलकं हवं.

सकाळी सहाला सरावाला उठवायला गेलो होतो. "बंदी आहे ना, बाबा," म्हणाली आणि कूस बदलली. बंदी स्पर्धेवर आहे, पळण्यावर नाही. पण इतकी गाढ दिसली की मी दार लोटून घेतलं.

२ मे, शुक्रवार

त्या दिव्याने माझी झोप उडवली आहे. सुनावणी घेणारी समिती काय म्हणेल ते मी शंभरदा मनात घोळवलं: बेल वाजली, ती जागी होती, दिवा मालवला, म्हणजे टाळलं. चार वर्षं.

पण बेल वाजलीच नसेल तर? तर दिवा म्हणजे नुसता योगायोग. पाणी प्यायली, दिवा मालवला, झोपली.

दुपारी घरात कुणी नसताना स्क्रू ड्रायव्हर घेऊन फाटकाशी गेलो. बेलचं झाकण काढलं. एक तार जरा सैल केली. बटण दाबलं: गप्प. पुन्हा घट्ट केली: कुत्रा भुंकायला लागला. म्हणजे तार सैल होऊ शकते. होऊ शकते ना? मग त्या सकाळी झाली नसेल कशावरून? ऊन, धूळ, पाऊस, फाटक आदळतं. मी समितीला सांगणार आहे, की त्या दिवशी संध्याकाळी मी बेल तपासली आणि ती बंद होती. हे खोटं आहे हे मला कळतं. आयुष्यात प्रतिस्पर्ध्याचा आत पडलेला चेंडू बाहेर म्हटलेला नाही मी, पंच नसतानाही. पण हा चेंडू नाही, माझी मुलगी आहे.

वकीलबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे खरं असेल तर मला आधी का सांगितलं नाहीत?" मी म्हटलं, "आता आठवलं." त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला शपथेवर बोलावं लागेल. नीट आठवा."

भिंगरीलाही सांगितलं. घरातल्या घरात दोन बोलणी व्हायला नकोत. म्हटलं, "तू फक्त झोपले होते म्हण. बाकी माझ्यावर सोड." माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही खोटं बोलणार? तुम्ही?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी काय वाट्टेल ते करीन." ती उठून खोलीत गेली. रडत होती. माझंही मन भरून आलं.

१३ मे, मंगळवार

सगळं नीट, क्रमाने लिहितो. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आज सुनावणी होती. साधी खोली, लांब टेबल, पाण्याचे जग. समितीत तिघं. मधल्या बाई अध्यक्ष, पांढरे केस, बोलताना पेन खाली ठेवायची सवय. एका बाजूला पेटीवाला. त्याने त्याचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. बेल पाच-सहा वेळा वाजवली, मध्ये वेळ सोडून. दिवा. फोन. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

मग मी. शपथ घेतली. बेलचं सांगितलं. आवाज बरा लागला असं मला वाटलं.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "बेल बंद होती?"

"हो."

"अहवालात आहे, की शेजारचा कुत्रा पूर्ण वेळ भुंकत होता. कशाला?"

"कुत्रा आहे तो. त्याला कारण लागत नाही."

टेबलाशी कुणीतरी हसलं. मला धीर आला. आणखी दोन वाक्यं घातली, तारेबद्दल, धुळीबद्दल. वकीलबाई त्यांच्या कागदावर बघत होत्या. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेंडू पलीकडे गेला होता. अंगात असतं कळायला, कुठला फटका लागला ते.

मग भिंगरीला विचारलं. वडिलांनी सांगितलं ते बरोबर आहे का?

ती म्हणाली, "नाही."

वकीलबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. भिंगरीने तो हळूच बाजूला केला. रागाने नाही.

"बेल वाजत होती. चांगली वाजत होती. बाबांनी सांगितलं ते माझ्यासाठी सांगितलं, त्यांना त्याबद्दल काही करू नका."

"मग तुम्ही झोपला होतात?"

"नाही. मी स्वयंपाकघरात होते. पहिली बेल वाजली तेव्हा उठले, घरातली दुसरी किल्ली घेतली. मग दिवा बंद केला आणि खाली फरशीवर बसले. तास संपेपर्यंत बसून होते."

मी "भिंगरी" म्हणालो, की नुसतं म्हणावंसं वाटलं, आता सांगता येत नाही.

"याचा अर्थ काय होतो तुम्हाला माहीत आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "चुकणं वेगळं आणि टाळणं वेगळं. वकिलांनी समजावलंय?"

"हो. चार वर्षं."

"काही घेतलं होतंत? नमुन्यात सापडेल असं?"

"नाही. काहीच नाही. सापडलं नसतं. दार उघडलं असतं तर मी पास झाले असते. मग त्या मंगळवारी स्पर्धेत खेळावं लागलं असतं."

अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. आवाज एकदम घरच्यासारखा झाला त्यांचा. "पण खेळायचं नसेल, तर खेळ सोडता येतो की. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

"हो," भिंगरी म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

मग ते तिघेही माझ्याकडे बघायला लागले. वकीलबाईसुद्धा. पेटीवालासुद्धा. मी काहीतरी बोलून तिला मदत करावी, असं त्यांना वाटलं असावं.

१४ मे, बुधवार

रात्रभर विचार करून मला उलगडलं. पोरीने माझ्यासाठी केलं! बाप शपथेवर खोटं बोलतोय हे तिला सहन झालं नाही. मला वाचवायला तिने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. फरशीवर बसल्याचं, मंगळवारचं, सगळं तिथल्या तिथे रचलं असणार. असं मन कुणाचं असतं आजकाल?

हिला सांगितलं. ही ड्यूटीवर निघाली होती, बूट घालत होती. एक बूट हातात धरून तशीच थांबली.

"तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"मग दुसरं काय?"

ही माझ्या शेजारी येऊन बसली. उशीर होत असतानाही बसली. माझ्या पाठीवरून हात फिरवला, पेशंटच्या फिरवतात तसा. मग म्हणाली, "तिच्याशी बोला. शिकवू नका, बोला," आणि गेली.

३० मे, शुक्रवार

चार वर्षं. खोट्या साक्षीबद्दल मला ताकीद, क्लबमधून एक वर्ष बाहेर.

दाद मागता येते. वकीलबाई म्हणाल्या, अर्ज तयार आहे, पण सही तिची हवी. घाबरण्यावरच्या गोळ्या, डॉक्टरीणबाईंचं पत्र, एवढ्यावर वर्ष-दोन वर्षं कमी होऊ शकतात. मी अर्ज घेऊन घरभर फिरतोय. ती दुकानातून येते, जेवते, झोपते. विषय काढायचा म्हटलं की जीभ जड होते. माझी! कोर्टच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जायची माझी जीभ.

५ जून, गुरुवार

अर्ज घेऊन मेहुणीच्या दुकानात गेलो. मेहुणी सामान आणायला गेली होती. भिंगरी एकटीच, पुढ्यात मोठी चौकट. लाकडाचा भुसा केसांत. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलात. हा कोपरा धरा, डिंक वाळेपर्यंत."

मी धरला. ती दुसऱ्या कोपऱ्याशी वाकली. मी म्हटलं, "मनगट जरा वर घे, कोपर आत..." आणि तिचा हात थांबला. हातच थांबला फक्त. तेवढ्या वेळात मला एकाएकी दिसलं, की हा हात माझ्या आवाजाने असाच थांबतो. नेहमीच थांबत आला असणार. मी तोंड मिटलं. थोड्या वेळाने तिने पट्टी बसवली, तिच्या पद्धतीने, कोपर बाहेर ठेवून. सांधा बरोबर जुळला.

अर्ज खिशात होता. काढला नाही. विचारलं, "तू ते माझ्यासाठी नाही ना बोललीस तिथे?"

"नाही, बाबा."

"फरशीवर खरंच बसली होतीस?"

"हो."

"मग मला आधी का नाही सांगितलंस, की नाही खेळायचं म्हणून? मी काय राक्षस आहे?"

तिने डिंकाचा ओघळ बोटाने पुसला. वर बघितलं नाही. चिडलीही नाही. "सांगितलं होतं की."

"कधी?"

"सांगितलं होतं, बाबा. बऱ्याचदा." मग म्हणाली, "जाऊ दे. कोपरा घट्ट धरा, सरकतोय."

मी घट्ट धरून उभा राहिलो. मेहुणी परत आली, तिने चहा केला, तो प्यालो आणि घरी आलो. अर्ज फाडला. तेव्हापासून इथे खुर्चीत बसून आठवतोय.

नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या प्रत्येक सामन्याचा स्कोअर मला तोंडपाठ आहे. कुठल्या गेममध्ये दोनदा सर्व्हिस चुकली, कुठला चेंडू पट्टीला लागून आत पडला, वारा कुठल्या बाजूने होता, झोपेतून उठवून विचारा, सांगेन. ती असं काही म्हणाली असती तर माझ्या लक्षात राहिलं असतं. पण पोर आता खोटं बोलत नाही, हे मी समितीपुढे माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणजे तिने सांगितलं होतं आणि मी तिथेच होतो. मला आठवत नाही.